गुग्गुळ, पित्त आणि आतड्यांची भाषा

१/ पाथर्डी तालुक्यातील गर्भगिरीच्या डोंगररांगा म्हणजे नाथसंप्रदायाची भूमी. मढीचे कानिफनाथ, वृद्धेश्वर, मोहटादेवी या ठाण्यांमुळे हा अवर्षणग्रस्त मुलूख महाराष्ट्रभर ओळखला जातो. मराठी देवघरात धुपाला आणि वैद्याच्या खलबत्त्यात औषधाला, अशा दोन्ही ठिकाणी वापरला जाणारा एक पदार्थ आहे : गुग्गुळ. या डिंकाचा प्रवास सुश्रुतापासून थेट आतड्यांच्या रेणवीय विज्ञानापर्यंत पोहोचतो. त्या प्रवासाचा हा थ्रेड. 🧵

२/ गुग्गुळाचे झुडूप काटेरी आणि कोरड्या प्रदेशातले. कच्छ आणि राजस्थान ही त्याची मुख्य घरे. सालीला चिरा दिल्या की जो स्राव पाझरतो आणि वाळून घट्ट होतो, तोच गुग्गुळ. सुश्रुतसंहितेत त्याचे दोन गुण सांगितले आहेत : नवा गुग्गुळ पुष्टी देतो, जुना शरीर कृश करतो. मेदोरोगाच्या उपचारातही तो येतो.

३/ हे ज्ञान छापील रूपात देशभर पोहोचण्यात मुंबईचा वाटा मोठा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली सुश्रुतसंहिता निर्णयसागर छापखान्याने प्रसिद्ध केली. पोथ्यांत विखुरलेला पाठ आता कोणाही विद्यार्थ्याच्या मेजावर येऊ शकत होता.

४/ याच काळात, १९१७ साली, अहमदनगर येथे आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांचे नाव आज ते धारण करते. औषधांच्या गुणधर्मांवर मराठीत ग्रंथलेखन करणारे गुणेशास्त्री हे या जिल्ह्याचे वैद्यकीय वैभव. योगराज गुग्गुळ, त्रिफळा गुग्गुळ ही नावे मराठी घरांत रुळली, ती अशा वैद्यपरंपरेमुळे.

५/ पुढचे वळण १९६६ चे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताचे मेदोरोगाचे वर्णन वाचले आणि प्रश्न केला : हे प्रयोगाने तपासता येईल का? सशांवरील प्रयोगांत गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरल्याचे त्यांना दिसले. पुढे त्यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालकपद भूषविले.

६/ लखनऊच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने हे काम पुढे नेले. १९८० च्या दशकात गुग्गुळाच्या अर्कापासून केलेल्या औषधाला भारतात मान्यता मिळाली आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बाजारात आणले. मात्र ते शरीरात नेमके कोठे काम करते, हे कोडे सुटले नव्हते.

७/ त्याची किल्ली पित्तात होती. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती लहान आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थांचे बारीक कण करतात. काम संपले की सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. उरलेल्यांचे रूप मोठ्या आतड्यातील जीवाणू पालटतात.

८/ पित्ताम्लांच्या रचनेवरील संशोधनासाठी जर्मनीच्या हाइनरिख वीलांड यांना १९२७ चे नोबेल मिळाले. तरीही अनेक दशके पित्ताम्ले म्हणजे पोटातला साबण, एवढीच समजूत होती. १९९९ मध्ये ती मोडली. ही आम्ले पेशींना निरोपही देतात, आणि तो निरोप ‘एफएक्सआर’ नावाचा ग्राही ऐकतो, हे सिद्ध झाले.

९/ आतड्यात पित्ताम्ले पुरेशी झाली की हा ग्राही जागा होतो. आतड्यातून एक संप्रेरक यकृताकडे जाते आणि सांगते : आता नवे पित्ताम्ल नको. हाच ग्राही आतड्याचे अस्तर शाबूत ठेवतो आणि जीवाणूंच्या बेसुमार वाढीला आवर घालतो. ज्या उंदरांत तो नसतो, त्यांच्या आतड्यांची ही तटबंदी ढासळते. आतड्याचा शेवटचा भाग आजारी असला किंवा काढून टाकावा लागला, तर न शोषलेली पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरून जुलाब घडवतात.

१०/ २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ह्यूस्टनच्या संशोधकांनी दाखवले की गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन हा घटक याच ग्राहीला अडवतो. ग्राही अडला की पित्ताम्ल बनवण्यावरचा लगाम सुटावा आणि त्यात कोलेस्टेरॉल खर्ची पडावे, असा तर्क. हा ग्राहीच नसलेल्या उंदरांवर गुग्गुलस्टेरोनचा परिणाम झाला नाही. सुश्रुत आणि रेणवीय जीवशास्त्र यांची गाठ पडली, असे अनेकांना वाटले.

११/ पण इतिहास येथे थांबत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे चाचणी झाली. गुग्गुळाच्या अर्काने वाईट कोलेस्टेरॉल घटले तर नाहीच, उलट किंचित वाढले. काहींच्या अंगावर पुरळही उठले. शिवाय गुग्गुलस्टेरोन इतर अनेक ग्राहींनाही चिकटतो, असे पुढे आढळले. चित्र वाटले होते तितके सरळ नव्हते.

१२/ म्हणून दोन घाईचे निष्कर्ष टाळावेत. ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ हा एक. आयुर्वेदातील पित्त ही दोषसंकल्पना आहे. प्रयोगशाळेतील पित्ताम्ल म्हणजे तेच नव्हे. ‘जुने ते सारे थोतांड’ हा दुसरा. सुश्रुताच्या एका निरीक्षणाने खरा वैज्ञानिक प्रश्न जन्माला घातला, हे नाकारता येत नाही. ग्रंथाने प्रश्न दिला, उत्तर मात्र चाचणीलाच मागावे लागले.

१३/ या कथेत एक मूक साक्षीदार आहे : ते झुडूप. अतोनात तोडीमुळे आणि डिंकासाठी दिलेल्या निर्दय चिरांमुळे आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते. मागणी वाढली, झुडूप मात्र सावकाशच वाढत राहिले. औषधाचा वाद मिटण्याआधी औषधीच संपून गेली, तर पुढच्या पिढीच्या हाती केवळ पोथीतले नाव उरेल.

#इतिहास #थ्रेड #आयुर्वेद #विज्ञानाचा_इतिहास