घरात धान्य आहे, पण आठवड्याच्या ताटात काय? हिशेब असा मांडतात
रेशनचा तांदूळ घरात आला म्हणजे घर पोटभर नीट जेवतं, असं धरून चालत नाही. जागतिक अन्न कार्यक्रम ते तपासायला 'फूड कन्झम्प्शन स्कोअर' वापरतो. गेल्या ७ दिवसांत कोणता पदार्थ किती दिवस खाल्ला, ते घरी विचारायचं आणि दिवसांना ठरलेल्या गुणांनी गुणायचं. भात-भाकरीला २, डाळी-कडधान्याला ३, भाजीला १, फळाला १, मांस-मासे-अंड्याला ४, दूध-दह्याला ४, तेल आणि साखरेला प्रत्येकी अर्धा. जास्तीत जास्त बेरीज ११२. २१ पर्यंत आहार निकृष्ट, ३५ पर्यंत काठावरचा.

आता रोज भाकरी, तेल आणि साखर एवढंच धरा. १४ अधिक साडेतीन अधिक साडेतीन, झाले २१. डाळ नाही, भाजी नाही, तरी घर काठाला टेकलं! म्हणून तेल-साखर रोजची असते तिथं २८ आणि ४२ या मर्यादा धरतात. आपल्याकडे त्याच लावायला हव्यात.

मोठी गफलत होते ती चहात. चहातलं चमचाभर दूध 'दूध' म्हणून लिहिलं की ७ दिवसांचे २८ गुण फुकट मिळतात. तेच घर ४९ वर जातं आणि गरजूंच्या यादीतून सुटतं. नियमाने हे दूध मसाल्यांच्या गटात, शून्य गुणांचं.

शिवाय हा आकडा अख्ख्या घराचा. सगळ्यांमागून जेवणाऱ्या बाईचं त्यातून कळत नाही. तिला कालच्या दिवसाचं वेगळं विचारतात. १० गटांपैकी किमान ५ पोटात गेलेले लागतात.