अल्सर: कायमची गोळी की दोन आठवड्यांचा कोर्स?

अल्सरसाठी जठराचा भाग कापून काढत, त्या काळापर्यंत आपण मागच्या वेळी आलो होतो. 1976 मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन बाजारात आलं. आम्ल कमी करणारं औषध, आणि गुण खरोखर चांगला. पुष्कळांचं ऑपरेशन टळलं. पण गोळी थांबवली की बहुतेकांचा अल्सर वर्षभरात परत यायचा. आता हिशोब बघा: रोगी पुरता बरा होत नाही, दर महिन्याला दुकानात मात्र येतो. वर्षाला अब्ज डॉलरची विक्री गाठणारं हे पहिलं औषध ठरलं, ते काही उगीच नाही.

1982 मध्ये पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. कोणी मानेना, म्हणून 1984 मध्ये मार्शल तो चक्क प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. (घरी काय ऐकून घ्यावं लागलं असेल!) अँटिबायोटिकचा कोर्स करून जिवाणू गेला, की अल्सर सहसा परत येत नाही. अमेरिकेत तज्ज्ञांच्या राष्ट्रीय परिषदेनं तशी शिफारस केली ती थेट 1994 मध्ये. तोवर लोक गोळ्या घेतच राहिले. आम्ही याला कट म्हणणार नाही. आम्लात जंतू टिकत नाहीत, असंच डॉक्टर शिकले होते. पण ही अँटिबायोटिकं जुनी, स्वस्त, आणि एकदाच घ्यायची. त्यांच्या चाचण्यांवर पैसा घालायला कंपन्यांना फारसं कारणच नव्हतं.