अण्णांची शाळा, आजीचा सोमवार

आमचे थोरले चुलते, अण्णा, साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकले. २३ जून १९६१ ला सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. पाकिस्तानशी १९६५ ची लढाई लागली तेव्हा अण्णा आठवीत होते की नववीत, यावर घरात अजून वाद होतो. गणपती बसलेले होते, एवढं सगळ्यांना आठवतं.

अण्णा सांगायचे, लढाई लागली म्हणून शाळेची घंटा काही चुकली नाही. पहाटे पीटी, मग बुटांना पॉलिश, पट्ट्याचं पितळ घासायचं, मेसमध्ये काट्या-चमच्यानं जेवायचं, रात्री प्रेप, म्हणजे अभ्यासाचा तास. ६ सप्टेंबरला आपलं सैन्य लाहोरच्या रोखानं सरहद्द ओलांडून गेलं, आणि अण्णांच्या वर्गात बीजगणित चाललं होतं! पोरांचे हात नुसते शिवशिवायचे. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण, आपल्या कृष्णाकाठचे. बातम्यांत त्यांचं नाव आलं की सगळी ताठ बसायची. पूना हॉर्सचे कर्नल तारापोर १६ सप्टेंबरला रणगाड्यांच्या लढाईत पडले. ते पुण्यात शिकलेले, हे कळल्यावर म्हणे मेसमध्ये कुणाला घास उतरेना.

अण्णांनी घरी लिहिलं, मला आत्ताच भरती व्हायचंय. आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढून आलेले. त्यांचं उत्तर दोन ओळींचं: गणित सोडू नकोस, तोफेलाही गणित लागतं. आजीनं मात्र काही न लिहिता शेंगदाण्याच्या चटणीचा डबा एसटीनं धाडला. तो म्हणे दिवे मालवायच्या आत रिकामा झाला.

त्याच सुमारास धान्याची टंचाई होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. आजीचा सोमवार मुळातच शंकराचा, पण ती तो रात्री सोडायची. आता मंगळवारी सकाळीच सोडू लागली. "दिवसाचा महादेवाचा, रात्रीचा शास्त्रींचा," म्हणायची. हे कळल्यावर अण्णाही सोमवारी रात्री आपलं ताट शेजारच्या पोराकडे सरकवू लागले.

जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी वारले. आजोबा म्हणाले, "आता तरी दोन घास खात जा गं." आजीनं ऐकलं नाही. आम्ही नातवंडं कळती झालो तेव्हाही सोमवारी रात्री ती आम्हाला दूधभात कालवून द्यायची, आणि स्वतः तांब्याभर पाणी पिऊन अंथरुणावर पडायची.