अतिशीत वस्त्रे : गुणवत्तापरीक्षण
अतिथंड प्रदेशातील सैनिकी व गिर्यारोहण कपड्यांची ऊब, जलरोधकता आणि टिकाऊपणा तपासण्याची पद्धत. भारतात सैनिकी कपडे शिवणारी, चेन्नईजवळ आवडी येथील ऑर्डनन्स क्लोदिंग फॅक्टरी १९६१ मध्ये सुरू झाली. २०२१ पासून हा सैनिकी गणवेशांचा कारखाना ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेडकडे आहे [→ आयुध निर्माणी]. परीक्षणात कापडाची जलरोधकता त्याने पेललेल्या पाण्याच्या स्तंभाच्या उंचीवरून मिलिमीटरमध्ये मोजतात. मात्र कापड उत्तम असूनही शिवण गळू शकते : सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपते. त्यामुळे आतून उष्णतेने चिकटवलेली पट्टी काखेच्या जोडापर्यंत सलग आहे का, हे आधी पाहावे. घामाची वाफ बाहेर न पडल्यास ओले अस्तर शरीराची उष्णता झपाट्याने घालवते [→ हिमदंश]. पिसांचे भरण दाबून सोडल्यावर जितके फुगते तितके ते उबदार. भिजल्यावर हा गुण बहुतांशी नाहीसा होतो.