हुकलेली ट्राम

मुंबईच्या अखेरच्या ट्रामचे छायाचित्र माझ्यापाशी आहे, मीच काढलेले. पाहणारा प्रत्येक जण प्रथम विचारतो, "ह्यात ट्राम कुठे आहे?"

त्याचे काही चुकत नाही. ३१ मार्च १९६४ ची ती रात्र. बोरीबंदरहून निघालेली शेवटची ट्राम दादरला यायची होती आणि तिला निरोप द्यायला माणसे लोटली होती. मी तेरा वर्षांचा. अण्णांचा डबा-कॅमेरा पोटाशी धरून उभा. त्या कॅमेऱ्यात भर उन्हातही धावते वाहन पुसट उमटे. रात्री तर तो कठड्यावर टेकवून झडप उघडी ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. ट्राम आली, गेली. कागदावर उमटली दिव्याची एक पांढरी रेघ!

त्या रेघेमागे नव्वद वर्षे होती. मुंबईची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली ती घोड्यांच्या बळावर. विजेची ट्राम १९०७ साली आली, दुमजली १९२० साली. विजेची लोकल मात्र बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. पण लोकलला स्वतःची वाट होती. ट्रामला रस्ता इतरांबरोबर वाटून घ्यावा लागे. बसगाड्या आणि मोटारी वाढल्या, तशी ती अडचण वाटू लागली.

आमचे अण्णा रोज त्याच ट्रामने कामावर जात. काखेत छत्री, हातात जेवणाचा डबा. कॅमेऱ्याच्या एका रोलात चित्रे आठच. ती बारशाला, मुंजीला, गणपतीला पुरवून वापरायची. एकदा मी भीत भीत म्हटले, "अण्णा, तुम्ही ट्राममध्ये चढताना एक काढू?"

"अरे, ट्राम काय उद्या पळून जाणार आहे?" अण्णा हसले.

एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर जुन्या डी. सी. विजेवरची लोकल अखेरची धावली, तेव्हाही लोक छायाचित्रे काढायला जमले. मी गेलो नाही. मी पुलावर उभा राहतो तो एखाद्या साध्या मंगळवारी. डब्याच्या दारात लटकणारी पोरे, खिडकीशी भाजी निवडणाऱ्या बायका, पेंगणारा म्हातारा; हे टिपतो. पहिल्या आणि शेवटच्या गाडीला साक्षीदार पुष्कळ मिळतात. मधल्या हजारो गाड्यांना कोणी नसतो, आणि आपले आयुष्य तर त्यांतच जाते.

यंदा दिवाळीत नव्या कपड्यांतली छायाचित्रे निघतीलच. सुटी संपल्यावर, घाईने लोकल गाठायला निघालेल्या घरच्या माणसाचेही एक काढून ठेवा.

त्या रात्री अण्णा दादरला आले नव्हते. उद्यापासून बसची रांग धरायची, म्हणून ते लवकर निजले होते.