मूळ वाद्य आणि प्रतिकृती : झाडीपट्टीतील पेटीच्या संदर्भात एक ऐतिहासिक तुलना

बीजसंज्ञा : हार्मोनियम, पायपेटी, प्रतिकृती, पितळी सूर, झाडीपट्टी रंगभूमी, भंडारा जिल्हा.

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या सांस्कृतिक जीवनात पेटी या वाद्याचे स्थान महत्त्वाचे आहे. गावातील भजनी मंडळ, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, शाळेचे स्नेहसंमेलन आणि धानाची कापणी झाल्यावर होणारी नाटके या सर्व ठिकाणी पेटी आढळते. ती इतकी परिचित झाली आहे की तिचे परकेपण कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः आज भारतात वाजणारी प्रत्येक पेटी ही एका युरोपीय वाद्याची कोणत्या ना कोणत्या पिढीतील प्रतिकृती आहे. असे असूनही पेटीच्या व्यवहारात 'अस्सल' आणि 'नकली' हा भेद सतत केला जातो. परदेशी सुरांची जुनी पेटी चढ्या किमतीस मागितली जाते, तर देशी सुरांची पेटी दुय्यम मानली जाते. हा भेद कितपत टिकतो, प्रतिकृती करताना कारागिरांनी मुळातील काय राखले व काय बदलले आणि प्रतिकृतीचे मोल कोणत्या निकषावर ठरवावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मूळ वाद्य आणि नावाची मालकी

एका टोकाला जखडलेली धातूची पातळ जिव्हा हवेच्या झोताने कंप पावते आणि त्यातून स्वर निघतो, हे पेटीचे मूळ तत्त्व होय. चीनमधील शेंग या प्राचीन वाद्यात हे तत्त्व आढळते. अठराव्या शतकात युरोपात त्यावर प्रयोग सुरू झाले आणि १८४० च्या दशकाच्या आरंभी पॅरिस येथील अलेक्झांद्र दबें याने 'हार्मोनियम' या नावाने आपल्या वाद्याचे एकस्व मिळविले. या नावावर त्याने आपला हक्क राखला. त्यामुळे तेच तत्त्व वापरणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना वेगळी नावे शोधावी लागली. पॅरिसमधीलच अलेक्झांद्र पिता-पुत्रांच्या कारखान्याने आपले वाद्य 'ऑर्ग-मेलोडियम' या नावाने विकले. म्हणजे प्रतिकृतीचा प्रश्न हे वाद्य भारतात येण्यापूर्वी, त्याच्या जन्मगावीच निर्माण झाला होता.

पुढे अमेरिकेत या वाद्यात मूलगामी बदल झाला. फ्रेंच हार्मोनियममध्ये भाता हवा बाहेर ढकलतो, तर अमेरिकी ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो. या बदलामुळे स्वराचा तीक्ष्णपणा कमी होऊन तो मृदू झाला. १८५४ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या मेसन अँड हॅमलिन या कंपनीने असे ऑर्गन मोठ्या प्रमाणावर तयार केले. पायाने भाता चालवावयाच्या या दोन्ही वाद्यांना मराठीत 'पायपेटी' असेच म्हटले गेले. ऐकणाऱ्याला दोहोंतील फरक जाणवत असला तरी नावाने तो पुसून टाकला.

कोलकात्याची हातपेटी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनरी व इंग्रज अधिकारी यांच्याबरोबर हे वाद्य भारतात आले. पायपेटी वाजवायची तर खुर्चीवर बसावे लागे. भारतीय गायक मात्र जमिनीवर बैठक मारून गात असे. ही अडचण दूर करणारी, डाव्या हाताने भाता मारून उजव्या हाताने वाजवावयाची पेटी घडविण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे कोलकाता येथील द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. त्यांची 'द्वारकिन' ही पेढी १८७५ मध्ये सुरू झाली.

या हातपेटीकडे केवळ स्वस्त नक्कल म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी अनेक स्वरांची संगती साधावयाची असते व त्यासाठी दोन्ही हात मोकळे असणे आवश्यक असते. भारतीय संगीतात एका वेळी एकच स्वरावली चालते, त्यामुळे एक हात भात्याला दिला तरी बिघडत नाही. उलट, भात्यावर हात असल्याने स्वराचा जोर वादकाच्या थेट ताब्यात येतो. कारागिरांनी पुढे खर्ज, नर आणि मादी अशा सुरांच्या ओळी, गायकाच्या पट्टीप्रमाणे कळफलक सरकविण्याची सोय आणि षड्ज-पंचमाचा अखंड स्वर देणारे खटके यांची भर घातली. काळी एक किंवा पांढरी चार अशी पट्टी सांगण्याची रीतही पेटीच्या पट्ट्यांच्या रंगावरूनच रूढ झाली. मूळ वाद्यातील वजन व आकार गळून पडले, नवे गुण आले आणि पितळी जिव्हा तेवढी कायम राहिली.

पितळी सूर : नकलेची कसोटी

या पितळी जिव्हेस पेटीच्या व्यवहारात 'सूर' असे म्हणतात. पेटीचे लाकूड, भात्याचे कातडे किंवा पट्ट्या यांची नक्कल कुशल सुताराला साधते. सुराची नक्कल मात्र कठीण असते. पितळी पट्टीत कापलेल्या खाचेत जिव्हा अगदी मोजकी जागा सोडून बसवावी लागते. ही फट जास्त राहिली तर हवा वाया जाते व स्वर उशिरा उमटतो, आणि जिव्हा खाचेला घासली तर स्वर फाटतो. जिव्हेचे टोक घासले की स्वर चढतो, बुडखा घासला की उतरतो. हे काम कानाने व कानसीने करावयाचे असते.

भारतीय वादकांमध्ये पॅरिसच्या कास्रियेल आणि जर्मनीच्या ज्युबिलेट या सुरांना विशेष मान आहे. अनेक भारतीय कारखान्यांनी आयात केलेले सूर देशी पेटीत बसवून वाद्ये विकली. परदेशी सुरांचा पुरवठा आटल्यावर गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातील पालिताणा हे सूर घडविण्याचे प्रमुख केंद्र म्हणून पुढे आले. १९२५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारख्या पेढ्यांनी महाराष्ट्रात देशी पेटी प्रतिष्ठित केली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. परदेशी सूर, देशी लाकडी काम, नंतर बदललेला भाता आणि वेळोवेळी घासून लावलेले स्वर अशी जी पेटी आज 'अस्सल' म्हणून विकली जाते, तिच्यात एकच एक मूळ शोधणे अवघड आहे. शिवाय पन्नास वर्षे कानसीखाली गेलेला फ्रेंच सूर हा कारखान्यातून निघाला तसा राहिलेला नसतो. त्याच्या आजच्या स्वरात पॅरिसच्या कारागिराइतकाच दुरुस्ती करणाऱ्या भारतीय कारागिराचाही वाटा असतो.

गिटारच्या क्षेत्रातील समांतर उदाहरण

नकलेचा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापुरता मर्यादित नाही. इलेक्ट्रिक गिटारचा स्वर भरदार व किंचित फाटका करण्यासाठी पायाने चालू-बंद करावयाचे 'ओव्हरड्राइव्ह पेडल' वापरले जाते. अमेरिकेतील बिल फिनेगन यांनी १९९४ पासून सुमारे दीड दशकाच्या काळात 'क्लॉन सेंटॉर' नावाची अशी जवळपास ८,००० पेडल तयार केली. मंडलरचना कोणास कळू नये म्हणून त्यांनी आतील भागावर राळेचा जाड थर ओतला होता. तरीही ती उलगडली गेली आणि अनेक कंपन्यांनी तिच्या स्वस्त प्रतिकृती बाजारात आणल्या. मूळ पेडलच्या किमती मात्र वाढतच गेल्या. त्याच्या स्वराचे रहस्य जर्मेनियम डायोड या एका सुट्या भागात आहे, अशी समजूत रूढ झाली. २०१२ मध्ये फिनेगन यांनी स्वतःच यंत्राने जोडलेल्या सूक्ष्म भागांची 'केटीआर' ही नवी आवृत्ती काढली. म्हणजे मूळ निर्मात्यालाच आपल्या वस्तूची प्रतिकृती करावी लागली.

पेटीचा फ्रेंच सूर आणि पेडलमधील डायोड यांत विलक्षण साम्य आहे. दोन्ही ठिकाणी संपूर्ण वाद्ययंत्रणेचे श्रेय एका दुर्मीळ भागाला दिले जाते. परंतु तोच सूर गळक्या भात्यावर बसविला, किंवा तेच पेडल वेगळ्या ध्वनिवर्धकाला जोडले, तर अपेक्षित स्वर मिळत नाही. तुलना करावयाची तर ती सुट्या भागांची न करता, प्रत्यक्ष वापराच्या परिस्थितीत संपूर्ण वाद्याची केली पाहिजे.

पेटीवरील आक्षेप

पेटीवर सर्वांत मोठा आक्षेप घेतला गेला तो तिच्या स्वरांच्या स्थिरतेबद्दल. पेटीत मींड काढता येत नाही आणि तिचे बारा स्वर पाश्चात्त्य समविभाजनानुसार लावलेले असतात. हा दोष दूर करण्यासाठी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी श्रुतींच्या हार्मोनियमची कल्पना मांडली. देवल यांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे.

आकाशवाणीने मात्र सुधारणेऐवजी बंदीचा मार्ग स्वीकारला. पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकूर यांचाही तिला विरोध होता. मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली व १९७१ पासून ही बंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. या तीन दशकांत गावोगावच्या भजनात व नाटकात पेटी वाजतच होती. स्वरांच्या स्थिरतेबद्दलचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या योग्य असला तरी त्याला 'परके वाद्य' या जन्माधारित आक्षेपाची जोड मिळाली आणि वाद्याचा वापर कोण, कोठे व कशासाठी करतो हा प्रश्न मागे पडला.

भंडारा आणि झाडीपट्टी

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भंडारा जिल्हा उपयुक्त ठरतो. मुंबईहून येणारा रेल्वेमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. नागपूर ते राजनांदगाव हा भंडारा परिसरातून जाणारा मार्ग १८८० ते १८८२ च्या दरम्यान झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन पुढे कोलकात्याशी जोडला. अशा रीतीने पेटीनिर्मितीच्या दोन्ही प्रमुख केंद्रांना जोडणाऱ्या मार्गावर हा जिल्हा आला. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असल्याने पितळ या धातूचे गुणधर्म येथील कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित होते, हेही नमूद करणे उचित ठरेल.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत दंडार व खडी गंमत यांची परंपरा जुनी आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून मराठी संगीत नाटक बहरले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीला, तर १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने ऑर्गनला रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून दिली. शहरी संगीत नाटक पुढे ओसरले. झाडीपट्टीत मात्र गाण्यांसह रात्रभर चालणारे नाटक टिकून राहिले. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीच्या सुमारापर्यंत, अनेकदा शंकरपटाच्या निमित्ताने, हे प्रयोग होतात. लाखांदूर तालुक्याजवळील वडसा हे नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. येथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या रंगभूमीच्या गरजा विशिष्ट आहेत. उघड्या मंडपात, थंडीच्या दिवसांत पहाटेपर्यंत वाजणारे, गावोगाव हलविले जाणारे आणि गायक-नटाला पट्टी न सोडता साथ देणारे वाद्य येथे लागते. पायपेटीने वादकाचे दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे पद व प्रसंग दोन्ही भरता येतात. परंतु ती हलविणे जड जाते. हातपेटी काखेत मारून नेता येते, दुरुस्तीही सोपी असते. भजनी मंडळाला तीच परवडते. नाजूक फ्रेंच सुरांची पेटी बैठकीत श्रेष्ठ ठरेल, परंतु धूळ, दव आणि बैलगाडीचे हिसके सोसणारी, सहज सुटे सूर मिळणारी देशी पेटीच येथे अधिक उपयोगी होय. मूळ आणि प्रतिकृती यांचा उतरता क्रम या ठिकाणी उलटा होतो.

आज पेटीची पुढची प्रतिकृती म्हणजे विद्युत कळफलक होय. त्यालाही बोलीभाषेत 'ऑर्गन' असेच म्हणतात आणि त्यातील एक कळ दाबली की पेटीचा स्वर निघतो. दबेंच्या काळात वाद्य तेच आणि नाव वेगळे होते. आता नाव तेच राहून वाद्य बदलले आहे. नाव टिकल्यामुळेच वाद्य नाहीसे होत असल्याचे चटकन जाणवत नाही. पेटी अडगळीत गेली की तिच्याबरोबर सूर घासण्याचे हस्तकौशल्यही जाते.

निष्कर्ष

१. पेटीच्या इतिहासात निर्विवाद 'मूळ' असे वाद्य एकच नाही. पॅरिस, बोस्टन, कोलकाता, मुंबई व पालिताणा येथील प्रत्येक रूप हे आधीच्या रूपाची दुरुस्त प्रतिकृती आहे.

२. प्रतिकृतीचे मोल उगमावरून न ठरविता ती ज्या कामासाठी वापरली जाते त्या कामावरून ठरविले पाहिजे. झाडीपट्टीत देशी पेटी श्रेष्ठ ठरते ती याच निकषावर.

३. एखाद्या दुर्मीळ भागाला सर्व श्रेय देण्याची प्रवृत्ती बाजारमूल्य वाढविते. वाद्याचे ज्ञान वाढवीत नाही.

४. भंडारा जिल्ह्यातील भजनी मंडळे, शाळा व नाटक मंडळ्यांकडील जुन्या पेट्यांची पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे. अशा नोंदीत केवळ निर्मात्याचे नाव न लिहिता सुरांचा प्रकार, झालेल्या दुरुस्त्या, दुरुस्ती करणारा कारागीर व वापराचे प्रसंग यांचीही माहिती असावी. वाद्याचा खरा इतिहास निर्मात्याच्या नावपट्टीइतकाच कानसीच्या खुणांतही असतो, आणि त्या खुणा वाचू शकणारे कारागीर हयात असतानाच हे काम हाती घ्यावे लागेल.