ओल्या कचऱ्यापासून इंधन : माळव्यातील जैव-सीएनजी

पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे देवास मराठी वाचकाला संस्थानी इतिहासामुळे आणि पुढे कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे परिचित आहे. शहराजवळच्या जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या असल्याने अपारंपरिक ऊर्जा या परिसराला नवी नाही. कचऱ्यापासून इंधन मिळविण्याचा मोठा प्रकल्प मात्र शेजारच्या इंदूरमध्ये, देवगुराडिया येथे उभा राहिला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १५० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाची क्षमता दररोज ५५० टन ओल्या कचऱ्याची असून, त्यातून सुमारे १७ टन जैव-सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावे, अशी योजना आहे. गुंतवणूक खासगी कंपनीची; निम्मा वायू शहर बससेवेसाठी विकत घेण्याची हमी महापालिकेची.

५५० टनांतून १७ टन हे प्रमाण प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटते. तथापि भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे अन्न यांत बहुतांश पाणीच असते. हा कचरा बारीक करून त्याचा लगदा हवाबंद पाचकात सोडतात. प्राणवायूच्या अभावी वाढणारे जिवाणू त्याचे विघटन करतात आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड व अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्यातील मिथेनचे प्रमाण साधारण ५५ ते ६० टक्के असते. शुद्धीकरणानंतर ते ९० टक्क्यांच्या वर जाते व तेव्हाच तो वायू वाहनाच्या टाकीत भरता येतो. तत्त्व जुनेच आहे. माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू मिळवून त्यावर दिवे लावले जात.

यंत्रापेक्षा अवघड काम घरातील बादलीपाशी आहे. प्लास्टिक, काच, माती मिसळलेला कचरा पाचकाला चालत नाही. दिल्लीच्या तिमारपूर येथे १९८७ साली कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभारला गेला; आपल्याकडील ओलसर, मातकट कचरा नीट जळेना आणि तो अवघ्या काही दिवसांत बंद पडला. इंदूरने आधी घरोघरी ओला-सुका वेगळा करण्याची सवय लावली, देवगुराडियाचे सुमारे १३ लाख टन जुन्या कचऱ्याचे ढीग उपसले आणि मग पाचक उभारले. हा क्रम महत्त्वाचा.

देवासचे गणित वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८९ हजार. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम कचरा धरला तरी एकूण सव्वाशे टनांच्या आतच राहतो, आणि ओला त्याच्या निम्मा. एवढ्या कच्च्या मालावर इंदूरच्या तोडीचा प्रकल्प चालणार नाही. लहान शहरांपुढे दोनच वाटा उरतात : शेजाऱ्यांचा कचरा एकत्र करणे, किंवा लहान पाचक बसवून वायू सीएनजीत न बदलता थेट वीजनिर्मितीसाठी वापरणे. गोव्यातील साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये दिवसाला १०० टनांच्या क्षमतेने सुरू झाला, तो अनेक पंचायतींचा कचरा एका जागी आणून आणि वायूपासून वीज करूनच.